कुठले फडके?

(दृश्य : मुंबई, धोबी तलाव. मेट्रो सिनेमासमोरचा चौक, सकाळची रहदारी.)

मुंबईत मेट्रो सिनेमासमोरच्या चौकाला वासुदेव बळवंत फडके यांचं नाव आहे. तिथून समुद्राकडे निघालं, की गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा लागतो. तो घडवला रघुनाथ कृष्ण फडके यांनी. आणि उत्तरेला, बोरिवलीत, एक उड्डाणपूल आहे सुधीर फडके यांच्या नावाचा. एक बंडवाला, एक शिल्पकार, एक संगीतकार. एकाच शहरात तिघांच्या खुणा, तिघांचं आडनाव एक.

मराठी घरात नवा माणूस आला, त्याने आडनाव सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "कुठले?" म्हणजे मूळ गाव कोणतं, घराणं कोणतं, अमक्या अमक्यांचे तुम्ही कोण लागता. खरं तर जातही त्याच प्रश्नात विचारून झालेली असते. फडके म्हटल्यावर कोकण आणि चित्पावन एवढं उत्तर लगेच मिळतं आणि चौकशी तिथे संपते.

वाचणाऱ्या, गाणं ऐकणाऱ्या लोकांनी मात्र या माणसांची ओळख वेगळ्या रीतीने ठेवली. 'ना. सी.' म्हटलं की कादंबरीकार. 'य. दि.' म्हटलं की इतिहासकार. 'बाबूजी' म्हटलं की गाणं. आणि 'वासुदेव बळवंत' एवढं म्हटलं की बंड. यातल्या एकालाही ओळखायला आडनाव लागत नाही. आपण या लोकांकडे जाणार आहोत ते याच वाटेने. कुठले, हे बाजूला ठेवू. केलं काय, ते पाहू.

(दृश्य : रायगड जिल्हा, शिरढोण. मागे कर्नाळ्याचा सुळका.)

पनवेलजवळ शिरढोण गाव आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंतांचा जन्म इथे झाला. समोर दिसणाऱ्या कर्नाळा किल्ल्याची किल्लेदारी एके काळी त्यांच्या आजोबांकडे होती. नातवाच्या वाट्याला आली ती पुण्यात, इंग्रज लष्कराच्या हिशेब खात्यातली कारकुनी.

नोकरी चांगली होती. त्या काळात इंग्रजी शिकलेल्या तरुणाला याहून जास्त काय हवं असायचं? पण आई गावी आजारी पडली. वासुदेवरावांनी रजा मागितली. रजा वेळेवर मिळाली नाही आणि ते पोचले तेव्हा आई गेलेली होती. त्यांच्या चरित्रात हा प्रसंग नेहमी सांगितला जातो आणि बंडाचं मूळ त्यात शोधलं जातं. मला वाटतं, तेवढ्याने बंड होत नाही. कचेरीतले अपमान त्या काळात हजारो कारकुनांनी गिळले. वासुदेवरावांना हलवलं ते १८७६-७७च्या दुष्काळाने. ते गावोगाव हिंडले. दख्खनचा शेतकरी कसा अन्नान्न होऊन मरतो आहे, ते त्यांनी पाहिलं. त्याआधी महादेव गोविंद रानडे यांची व्याख्यानं त्यांनी ऐकली होती, देश गरीब का होतो याची कारणं त्यांना आकड्यांत समजली होती. आता तेच आकडे डोळ्यांसमोर माणसं होऊन उभे राहिले.

एक गोष्ट फार वेळा सांगायची राहून जाते. हाच माणूस शाळा काढणाराही होता. पुण्यात जी संस्था पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून वाढली, तिच्या संस्थापकांत वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या जोडीला वासुदेव बळवंत होते. सकाळी शाळेचा विचार, दिवसा कचेरी, आणि गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत दांडपट्टा. लहुजी वस्ताद मातंग समाजाचे. त्यांच्या तालमीत महात्मा फुल्यांचीही ये-जा होती. कुठल्या घरातला मुलगा कुठे शिकायला जातो, याचे नियम तेव्हा फार कडक होते. वासुदेवरावांनी गुरू निवडला तो दांडपट्ट्यावरची हुकमत पाहून.

बंडाची वेळ आली तेव्हा सुशिक्षित मंडळी मागे सरली. उभे राहिले रामोशी, आणि त्यांच्या जोडीला कोळी, भिल्ल, धनगर. फेब्रुवारी १८७९मध्ये शिरूरजवळच्या धामारी गावात पहिला मोठा दरोडा पडला. लुटायचं ते सावकारांना, आणि त्या पैशातून फौज उभारायची असा बेत होता. मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या सरकारने फडक्यांना पकडून देणाऱ्याला इनाम लावलं, तेव्हा फडक्यांनी उलट गव्हर्नरच्या शिरासाठी इनाम जाहीर केलं. त्या काळातल्या कारकुनाच्या लेखणीतून हा जाहीरनामा उतरला आहे, हे ध्यानात घेतलं की त्याचं धाडस कळतं.

इथे एक नाव ठळक घ्यायला हवं : दौलतराव नाईक. रामोशांचे पुढारी. मे महिन्यात कोकणातून लूट घेऊन परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीशी गाठ पडली आणि दौलतराव गोळी लागून पडले. बंडाचा कणा तिथेच मोडला. वासुदेवराव निजामाच्या मुलखाकडे गेले, पुन्हा माणसं जमवायला लागले आणि जुलै १८७९मध्ये विजापूर भागातल्या देवर नावडगी इथे, तापाने फणफणलेले, झोपेत सापडले. चौकांना, नाट्यगृहांना फडक्यांचं नाव मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. दौलतराव नाईकांचं नाव मात्र शाळेच्या पुस्तकात फार तर एका ओळीत येतं. आणि त्यांच्याबरोबर लढलेल्या कितीतरी जणांचं नावही कागदावर उरलेलं नाही. कुणाचं नाव टिकणार आणि कुणाचं पुसलं जाणार, ते ठरण्यात लिहिता-वाचता येणाऱ्या घराण्यांचा हात मोठा होता. फडके या आडनावावर चित्रफीत करताना ही बाब झाकून चालणार नाही.

पुण्याच्या सत्र न्यायालयात खटला चालला. वकीलपत्र घेतलं 'सार्वजनिक काका' गणेश वासुदेव जोशी यांनी. शिक्षा जन्मठेपेची, काळ्या पाण्याची. आणि रवानगी अंदमानला न करता एडनला. तिथल्या तुरुंगात कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून काढून ते पळाले. अनोळखी देश, भाषा येत नाही, पायाखाली वाळवंट. पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनलाच त्यांचा अंत झाला. वय अवघं सदतीस.

(दृश्य : भीमेचा काठ, सिद्धटेक. नदी ओलांडून देवळाकडे जाणारी वाट.)

या आडनावाचा त्याआधीचा गाजलेला माणूस पेशवाईतला : हरिपंत फडके. लेखणीचा माणूस म्हणून पेशव्यांच्या चाकरीत आले आणि सेनापती झाले. राघोबादादांविरुद्ध कारभाऱ्यांनी केलेल्या बारभाईंच्या कारस्थानात नाना फडणवीसांचा भरवसा यांच्यावर होता. १७७५मध्ये राघोबादादांचा पाठलाग यांनीच केला आणि १७९२मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेत, श्रीरंगपट्टणासमोर, मराठ्यांची फौज यांच्याच हाताखाली होती. १७९४मध्ये सिद्धटेकला ते वारले. अष्टविनायकांपैकी सिद्धटेकच्या देवळाकडे जाणारी फरसबंद वाट आणि तिथला नगारखाना त्यांनी बांधला, असं परंपरा सांगते. पुण्यात फडके हौद आहे, तोही पेशवाईतल्या याच फडक्यांची आठवण सांगणारा.

सिद्धटेक अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात येतं. त्याच कर्जतला, हरिपंतांच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८९४ साली, एक मूल जन्मलं. तेही फडकेच. नारायण सीताराम.

(दृश्य : कोल्हापूर, राजाराम कॉलेजची दगडी इमारत.)

ना. सी. फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी कितीतरी वर्षं शिकवलं. वर्गात तर्कशास्त्र, घरी कादंबरी. सत्तरच्या वर कादंबऱ्या, शिवाय लघुकथा, लघुनिबंध, टीकालेख. विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत मराठी मध्यमवर्गातली तरुण मुलं-मुली प्रेमाबद्दल काय बोलायची, कसं बोलायची, पत्रात काय लिहायची, यावर ना. सीं.च्या कादंबऱ्यांची छाप होती. कॉलेजातला तरुण नायक, टेनिसचं मैदान, टापटीप दिवाणखाना, नायिकेच्या साडीचा रंग, चहाचा पेला. आज हे सगळं गुळमुळीत वाटतं हे मान्य. पण लेखन ही देवाची देणगी आहे, ती असते किंवा नसते, असं सगळे म्हणत असताना ना. सी. म्हणाले, ही कला आहे, तिला तंत्र आहे आणि तंत्र शिकता येतं. १९३१मध्ये त्यांनी त्यावर 'प्रतिभासाधन' हे अख्खं पुस्तक लिहिलं. सुरुवात कशी पकडायची, पात्र कधी आणायचं, गुंतागुंत कुठे वाढवायची, सगळं उघड करून सांगितलं. धंद्यातली गुपितं इतकी मोकळेपणाने सांगणारा मराठी लेखक त्याआधी झाला नव्हता असं मला वाटतं.

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद मराठीत वर्षानुवर्षं गाजला. एका बाजूला ना. सी., दुसऱ्या बाजूला वि. स. खांडेकर. दोघांचीही कोल्हापूरशी नाळ जोडलेली. वादात टाळ्या खांडेकरांना जास्त मिळाल्या. ना. सीं.ना मिळाला तो वाचक, आणि १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. १९६२मध्ये पद्मभूषण. एक पैलू मात्र लोक विसरलेच. संततिनियमनाचा उघड पुरस्कार करायला समाज तयार नव्हता, त्या १९२०च्या दशकात ना. सी. त्यावर इंग्रजीतून लिहीत होते. चांदण्यातल्या प्रेमाचा लेखक एवढीच ओळख उरल्यामुळे त्यांच्यावर अन्याय झाला आहे.

(दृश्य : गिरगाव चौपाटी, संध्याकाळ. पुतळ्याच्या चौथऱ्याभोवती बसलेली माणसं.)

आता चौपाटीकडे. १ ऑगस्ट १९२०ला टिळक मुंबईतल्या सरदारगृहात वारले. इथेच, वाळूत, त्यांना अग्नी दिला. मुंबईने त्याआधी एवढी अंत्ययात्रा पाहिली नव्हती. त्या जागेवर उभा आहे तो रघुनाथ कृष्ण फडक्यांनी केलेला पुतळा. हे फडके मूळचे वसईचे. पुढे धार संस्थानातून बोलावणं आलं आणि ते माळव्यातच राहिले. धारला त्यांचा स्टुडिओ आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९६१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९७२मध्ये ते वारले.

गणपती विसर्जनाच्या दिवशी या पुतळ्यासमोरून लाखो लोक जातात. ज्यांनी या उत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, त्यांच्या साक्षीने मूर्ती समुद्रात जाते. पुतळा कुणाचा, हे शेंबडं पोरही सांगेल. पुतळा कुणी केला, हे विचारा. शिल्पकाराच्या वाट्याला हे नेहमीच येतं. लेखकाचं नाव मुखपृष्ठावर असतं, गायकाचं तबकडीवर, शिल्पकाराचं चौथऱ्याच्या तळाशी कुठेतरी.

(दृश्य : जुना रेडिओ, त्याची काटा फिरणारी पट्टी. मागे तंबोऱ्याचा स्वर.)

रामचंद्र विनायक फडके. जन्म २५ जुलै १९१९, कोल्हापूर. वामनराव पाध्ये यांच्याकडे गाण्याचं शिक्षण. घरची परिस्थिती ढासळली आणि हा मुलगा अक्षरशः पोटासाठी देशभर भटकला. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ते उपाशी दिवस इतके सरळ लिहिले आहेत की वाचताना घास अडकतो. १९४१च्या सुमारास एचएमव्हीत आले, नंतर प्रभातमध्ये, आणि १९४६च्या 'गोकुळ'पासून चित्रपट संगीतकार. पाळण्यातलं नाव मागे पडलं, सुधीर फडके हे नाव रुळलं. जवळच्यांसाठी, आणि मग सगळ्या महाराष्ट्रासाठी, बाबूजी.

बाबूजींच्या गाण्यात काय होतं? आवाज मोठा नव्हता. ताना, मुरक्या यांची आतषबाजी तर नव्हतीच. होता तो शब्द. 'ण' हा 'ण'च, 'ळ' हा 'ळ'च; जोडाक्षराचा दुसरा भाग गिळायचा नाही; ओळ जिथे अर्थाने थांबते तिथेच श्वास घ्यायचा. नीट कान देऊन ऐका : चाल कितीही वळणाची असो, कवीचं वाक्य मोडत नाही. गायला उभ्या राहिलेल्या दुसऱ्या गायकांनाही ते उच्चारासाठी पुन्हा पुन्हा म्हणायला लावत. लता मंगेशकरांनी गायलेलं 'ज्योति कलश छलके' हिंदीतलं, पण शब्द आणि सूर यांचं तेच मेतकूट तिथेही आहे.

१ एप्रिल १९५५. रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचं पहिलं गाणं गेलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, कल्पना आणि आग्रह सीताकांत लाड यांचा. दर आठवड्याला एक नवं गाणं, अशी छप्पन्न गाणी, वर्षभर. पहिल्याच गाण्याचा कागद हरवला, प्रक्षेपणाची वेळ जवळ आली, आणि लाडांनी गदिमांना खोलीत बसवून गाणं पुन्हा लिहून घेतलं, हा किस्सा आजही रंगवून सांगतात. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट पुढची आहे. पन्नास-साठ गाणी एकाच कथेची, एकाच कवीची, एकाच संगीतकाराची. तरी एक चाल दुसरीवर गेलेली वाटत नाही. कौसल्येचं गाणं कौसल्येचं आहे, कुशलवांचं गाणं मुलांच्या तोंडी शोभणारं आहे. आकाशवाणीवर वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, लता मंगेशकर, ललिता फडके अशा कितीतरी गळ्यांतून ती गेली. नंतर बाबूजी एकटे, पेटी घेऊन, पूर्ण रामायण गायला लागले आणि सभागृहं भरत राहिली.

आता कॅलेंडर थोडं मागे न्या. गीतरामायण सुरू झालं त्याच्या आठ महिने आधी, २ ऑगस्ट १९५४ला, पोर्तुगिजांच्या ताब्यातलं सिल्वासा स्वयंसेवकांनी जिंकलं. दादरा-नगर हवेली मुक्त झाली. त्या सशस्त्र तुकडीत सुधीर फडके होते. हार्मोनियमवरचा हात तिथे बंदुकीवर होता. पुढे गोवाही सुटला, पण गोव्याच्या लढ्यातले मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच अडकून राहिले. देश स्वतंत्र गोव्याचा आनंद साजरा करून मोकळा झाला. बाबूजी मात्र रानड्यांच्या सुटकेसाठी समिती उभी करून, दिल्लीपर्यंत खेपा घालत राहिले. १९६९मध्ये रानडे सुटले. मला बाबूजींच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम निवडायला सांगितलं तर मी गीतरामायणाच्या शेजारी हे ठेवीन.

ललिताबाईंबद्दल दोन शब्द वेगळे बोलायला हवेत. त्या मूळच्या ललिता देऊळकर. लग्नाआधीच हिंदी चित्रपटांतल्या नामवंत पार्श्वगायिका. १९४८च्या 'नदिया के पार'मध्ये महंमद रफींबरोबर गायलेल्या. १९४९मध्ये लग्न झालं आणि आडनाव बदललं. आज त्यांची ओळख 'बाबूजींच्या पत्नी' अशी करून दिली जाते, तेव्हा एका स्वतंत्र गायिकेची दहा वर्षांची कमाई एका शब्दात झाकली जाते. कमला फडके याही स्वतः कादंबरीकार, त्यांचंही तेच, 'ना. सीं.च्या पत्नी'. घरात आलेल्या आडनावाने पुरुषांना ओळख दिली, या दोघींची अर्धी ओळख मात्र त्याच आडनावाने खाल्ली.

(दृश्य : ग्रंथालय. पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली.)

यशवंत दिनकर फडके. जन्म सोलापूर, १९३१. राज्यशास्त्राचे प्राध्यापक, टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवलं. काम केलं ते महाराष्ट्राच्या इतिहासाचं. 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र' या मालेचे जाडजूड खंड उघडले की यदिंची रीत कळते. विधान केलं की खाली आधार. पुढाऱ्याची आठवण एक सांगते, सरकारी कागद दुसरं सांगतो, त्या दिवसाचं वर्तमानपत्र तिसरं. तिन्ही समोर मांडायचे आणि मग निष्कर्ष. ज्या राज्यात इतिहासाचा प्रश्न निघाला की आवाज चढतो, तिथे त्यांनी आयुष्यभर आवाज न चढवता लिहिलं.

महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयाचं संपादन त्यांनी केलं. सत्यशोधक चळवळीतले दिनकरराव जवळकर यांचं समग्र वाङ्मयही संपादित केलं. टिळक-चिपळूणकरांवर ज्यांनी जळजळीत टीका केली, ते जवळकर. आणि टिळकांवर, आगरकरांवर, क्रांतिकारकांवर यदिंनी स्वतः ग्रंथ लिहिले. ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर अशा दोन्ही बाजूंचे मूळ कागद एकाच माणसाने इतक्या आस्थेने सांभाळून छापावेत, याची किंमत अभ्यासकाला विचारा.

सावरकरांच्या बाबतीत तर दोन फडके समोरासमोर येतात. बाबूजींनी आयुष्याची शेवटची वर्षं सावरकरांवरचा चित्रपट पूर्ण करण्यात घालवली. लोकांकडून वर्गणी गोळा केली, गाण्याचे कार्यक्रम केले, अडचणी आल्या तरी सोडलं नाही. २००१मध्ये चित्रपट आला आणि २९ जुलै २००२ला बाबूजी गेले. यदिंनी सावरकरांकडे पाहिलं ते चिकित्सकाच्या नजरेने, पूजा न करता. आणि रंगभूमीवर नथुरामचं उदात्तीकरण होतंय असं दिसलं तेव्हा कागदपत्रं घेऊन त्याचा प्रतिवाद केला. एक भक्त, एक तपासनीस. दोघांनीही पदरमोड करून, झीज सोसून काम केलं. बाबूजींचं गाणं मला जितकं प्रिय आहे, तितकाच या प्रश्नात यदिंचा कागद मला पटतो.

२००० साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष य. दि. फडके होते. ना. सीं.च्या रत्नागिरीनंतर साठ वर्षांनी. जानेवारी २००८मध्ये ते गेले.

याच काळात समीक्षक भालचंद्र फडके दलित साहित्याकडे वळले होते. १९७७मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. विद्यापीठांना दलित साहित्य अजून अभ्यासाचा विषय वाटत नव्हता, त्या दिवसांत हे लेखन झालं, म्हणून त्याचं मोल.

(दृश्य : छापखान्यातली मुद्रितं, लाल शाईच्या खुणा.)

आणि ठाण्याचे अरुण फडके. यांचा विषय शुद्धलेखन. 'दीर्घ' शब्दात काय दीर्घ, 'आशीर्वाद' कसा लिहायचा, सामान्यरूप होताना ऱ्हस्व-दीर्घ का बदलतं, असे प्रश्न लोक हसण्यावारी नेतात. अरुण फडक्यांनी त्यासाठी मराठी लेखन-कोश रचला, खिशात मावेल अशी पुस्तिका काढली, गावोगाव कार्यशाळा घेतल्या. मुद्रितशोधकांच्या टेबलावर तो कोश असतो. या चित्रफितीची संहिता लिहिताना दोन शब्द अडले, तेव्हा तोच काढावा लागला.